केळीची बारी

धुळ्याच्या कॉलेजात गणित विभागामागे पूर्वी सायकली ठेवायची एक खोली होती. आता तिथे देशाची बुद्धी ठेवली होती आणि तिच्या दारात रोज सकाळी दहा वाजता भांडण होत असे.

साल एकोणीसशे एकोणनव्वद. यंत्राला अक्कल शिकवायची, असं दिल्लीने ठरवलं होतं. कृत्रिम बुद्धिमत्ता असं तिचं नाव, आणि ते नाव घेताना उद्घाटनाला आलेले पाहुणे दोनदा अडखळले होते. अशी अक्कल शिकवायला यंत्रही तसंच दांडगं लागतं, आणि ते गावोगाव देणं काही सरकारला झेपणारं नव्हतं. तेव्हा पुण्याला एक मोठं यंत्र बसवलं आणि देशभरातली अकरा केंद्रं टेलिफोनच्या तारेने त्याला जोडली. सगळ्यांनी मिळून वापरायचं. खानदेशाच्या वाट्याला धुळ्याचं केंद्र आलं. वेळ रोज चार तास, दहा ते दोन, आणि त्या चार तासांवर धुळे, जळगाव आणि धरणगाव अशा तीन कॉलेजांचा सारखा हक्क. सामायिक म्हणजे काय, हे भावकीत एकच विहीर असलेल्या माणसाला समजावून सांगावं लागत नाही.

केंद्राचे प्रमुख प्रा. गिरधर फेगडे. मूळचे सावद्याचे, म्हणजे केळीतले. यंत्राला केळीचा डॉक्टर करायचा, एवढा एकच ध्यास त्यांनी सहा वर्षं घेतला होता. शेतकऱ्याने पान कसं दिसतं ते सांगायचं, यंत्राने चार प्रश्न विचारायचे आणि रोग कोणता ते ओळखायचं. त्यांचा थोरला भाऊ जीवराम सावद्याला केळीची बाग करत असे. त्याचं पत्र महिन्याला येई, आणि पाऊसपाणी, सोयरीक, म्हशीचं वेत असं सगळं लिहून झालं की शेवटची ओळ ठरलेली असे: 'तुझं यंत्र बोलायला लागलं का?' फेगडे उत्तरात पाऊसपाण्याबद्दलच लिहीत.

जळगावच्या प्रा. प्रमिलाबाई झोपे यंत्राला मराठी अक्षरं वाचायला शिकवत होत्या. धरणगावचे चुडामण पवार कापसाची प्रत ओळखायला शिकवत होते. दोघंही पहाटेची एसटी धरून येत आणि आल्या आल्या फेगड्यांशी भांडत.

"सर, काल तुमचं एक तास चाळीस मिनिटं झालं. मी घड्याळ लावून बसले होते," प्रमिलाबाई म्हणत.

"अहो, त्यातला तास चढवण्यात गेला."

"मग माझा काय उतरवण्यात गेला?"

दुखणं तेच होतं. तार इतकी मंद, की फ्लॉपीवरचा प्रोग्राम पुण्याच्या यंत्रावर चढवायला तास लागे. त्यात धुळ्याच्या वाट्याला आलेली जागा अशी, की एका वेळी एकच प्रोग्राम मावे. दुसऱ्याचा चढवला की पहिल्याचा पुसला जाई. तिघांनी तीन चढवायचे म्हणजे चारातले तीन तास चढवण्यातच संपत, आणि उरलेल्या तासात तिघं मिळून यंत्राला शिकवत. एवढ्यात देशाची बुद्धी कितीशी वाढणार? शिवाय केंद्र वर्षाच्या बोलीवर होतं. एप्रिलअखेर दिल्लीची समिती येणार, काम बघणार आणि पसंत पडलं नाही तर तार काढून दुसऱ्या जिल्ह्याला देणार. तार गेली की केळीचा डॉक्टर अर्धवट राहणार, ही धास्ती फेगड्यांना जेवू देत नव्हती.

फेब्रुवारीतल्या एका सकाळी असंच भांडण रंगात आलेलं असताना फेगड्यांनी वेळेचं रजिस्टर टेबलावर आपटलं. दाराशी स्टुलावर खोलीचा शिपाई हिलाल नाना बसला होता. फेगड्यांनी वैतागून ते रजिस्टर त्याच्या मांडीवर टाकलं.

"घ्या नाना. आयुष्यभर पाटाचं पाणी वाटलंत ना? आता हे पण वाटा. आमच्याच्याने होत नाही."

फेगड्यांनी हे रागात म्हटलं होतं. हिलाल नानाने ते कामात घेतलं.

हिलाल नाना साक्रीकडचा. पांझरेच्या एका बंधाऱ्यावर तो बावीस वर्षं पाटकरी होता. त्या नदीवरची गावं पिढ्यान्पिढ्या आपसांत पाणी वाटून घेतात. शेतांचे मोठमोठे फड पाडायचे, एका फडात सगळ्यांनी मिळून एकच पीक घ्यायचं, आणि पाण्याची बारी, म्हणजे पाळी, कोणाची कधी ते पाटकऱ्याने ठरवायचं. पाटकऱ्याच्या हातात कागद नसतो, फक्त फावडं असतं. पण पाटलाचा जावई आला तरी त्याच्या शब्दाबाहेर थेंब जात नाही. पाटाचं काम मुलावर सोपवून नाना कॉलेजात शिपाई झाला होता, आणि गेले आठ महिने पाणी न वाटता नुसतं बसून राहण्याचा त्याला कंटाळा आला होता.

त्याने आठ दिवस काही केलं नाही. दारात बसून नुसतं बघितलं. कोण किती वेळ घेतं, कितीदा चढवतं, कितीदा पुसतं. नवव्या दिवशी त्याने तिघांना एकत्र बोलावलं.

"हाई पानीच शे," तो म्हणाला. "पुनाना बंधारा, तार म्हंजे पाट. तुम्ही तिन्ही जन रोज आपलं आपलं पीक पेरतस. तीनदा पाट कोरडा पडस, तीनदा भिजाडना पडस. पानी पाटमाच जिरी जास, वावरले काय भेटी?"

तिघं एकमेकांकडे बघू लागले. इतके दिवस जे गणित मांडत होते ते असं सरळ कोणी मांडलं नव्हतं.

"मग करायचं काय, नाना?" चुडामणने विचारलं.

"आमना गावमा एक फड, एक पीक. एक हंगामभर बठ्ठासनी मिळीसन एकच करानं. मंग दुसरं. मंग तिसरं."

"पहिलं कुठलं?" फेगड्यांनी घाईने विचारलं. केंद्र धुळ्यात, प्रमुख ते, खोली त्यांच्या कॉलेजाची. उत्तर त्यांना ठाऊकच होतं.

"बारी शेपटापासून," नाना म्हणाला. "तोंडशी जो राहास त्याले पानी कधी बी भेटस. शेपटना मानूस मरस. बठ्ठासमा धाकलं कॉलेज धरणगावनं, म्हनीसन पहिली बारी त्यासनी. कापूस. मंग जळगाव. तुम्ही पाटना तोंडशी, सर. तुमनी बारी शेवट."

फेगड्यांचा चेहरा पडला. पण रजिस्टर त्यांनीच दिलं होतं, आणि बाकी दोघांनी माना डोलावल्या होत्या. तिघांत दोन म्हणजे गाव झालंच.

अशा रीतीने केळीत जन्मलेले फेगडे कापसाच्या सरक्या मोजू लागले. तक्रार करायला जागा मात्र राहिली नाही, कारण काम भराभर पुढे जायला लागलं. प्रोग्राम एकदाच चढवला होता. आता चारही तास कामाचे. चुडामणला कापूस कळे. प्रमिलाबाईंची मांडणी इतकी नीटनेटकी, की त्यांनी हात लावलेल्या गोष्टीत चूक सापडत नसे. आणि यंत्राने माणसाला प्रश्न कोणत्या क्रमाने विचारावेत यात फेगड्यांचा हात धरणारं कोणी नव्हतं. मार्चअखेर यंत्र कापसाची प्रत धरणगावच्या व्यापाऱ्यांच्या बरोबरीने सांगू लागलं. चुडामणने पेढे आणले. फेगड्यांनी अर्धा खाल्ला.

त्या रात्री नाही, पण पुढे कितीतरी दिवस त्यांच्या डोक्यात एकच घोळत राहिलं. समिती येणार एप्रिलच्या चौथ्या सोमवारी. समिती बघणार कापूस. वर्षापूर्वी दिल्लीला पाठवलेल्या अर्जात त्यांनी आठ पानं केळीवर लिहिली होती, कापसाचा त्यात शब्द नव्हता. तार मिळाली ती केळीच्या नावावर. आता केळी दिसली नाही तर तार राहील कशी, आणि तार राहिली नाही तर केळी होईल कशी? माणसाला चोरी करायची असली की इतकं शुद्ध तर्कशास्त्र सुचतं.

पुण्याच्या यंत्राजवळ त्यांचा एक वर्गमित्र नोकरीला होता. रविवारी यंत्राची साफसफाई चाले. त्याने दुपारी दोन तास तार चालू ठेवायचं कबूल केलं. हिलाल नाना भाचीच्या लग्नाला गावी गेला होता. खोलीची किल्ली तो करदोट्याला बांधून घेऊन गेला होता. पण प्रमुख म्हणून दुसरी किल्ली फेगड्यांच्या कपाटात होती.

"अहो, रविवारी दुपारी कुठे निघालात?" सुनंदाबाईंनी विचारलं. "बाहेर कुत्रंसुद्धा दिसत नाही."

"जरा कॉलेजात. उद्या समिती येतेय, झाडझूड झाली का ते बघतो."

"इतक्या वर्षांत घरची कधी बघितली नाही," सुनंदाबाई म्हणाल्या आणि त्यांनी ऊन लागू नये म्हणून कांदा रुमालात बांधून त्यांच्या खिशात घातला.

खोलीशी आल्यावर फेगड्यांना कुलपावर मातीचा एक सुकलेला गोळा चिकटलेला दिसला. कुंभारीण माशी असंच कुठेही घर करते. उद्या साहेब येणार आणि कुलपावर हे. त्यांनी तो गोळा नखाने खरवडून काढला, फुंकर मारली, रुमालाने कुलूप लखलखीत केलं आणि आत गेले. तासाभरात कापूस पुसला गेला आणि त्या जागी केळी चढली. उद्या साहेबांना केळी दाखवायची, साहेब गेले की पुन्हा कापूस चढवायचा. कोणाला कळणार नव्हतं. त्यांनी कुलूप लावलं, कांदा हुंगला आणि घरी येऊन कित्येक दिवसांनी पोटभर जेवले.

सोमवारी सकाळी हिलाल नाना पहिल्या एसटीने आला, आणि कुलूप बघून जागच्या जागी उभा राहिला.

पाटकरी पाटाचं दार बंद करतो तेव्हा फटीवर ओली माती थापून तिच्यावर अंगठा उमटवतो. माती फुटली की कळतं, पाणी चोरलं. लग्नाला जाताना नानाने कुलपावर तशीच माती लावून अंगठा दाबला होता. आता माती नव्हती आणि कुलूप चकचकत होतं. चोराने येऊन वर कुलूप पुसून जावं, हे त्याने बावीस वर्षांत पाहिलं नव्हतं.

नऊ वाजता फेगडे इस्त्रीचा शर्ट घालून आले तेव्हा कॉलेजच्या फाटकाजवळच्या कडुनिंबाखाली पोरांची गर्दी होती. सगळे वर बघत होते. फेगड्यांनीही वर बघितलं. निंबाच्या फांदीला, आपल्याच गुंडाळीच्या वायरने, केंद्राचा कीबोर्ड लटकत होता.

"नाना, हे काय?"

"पानी चोरीले गयं, सर." नाना झाडाखाली स्टूल टाकून बसला होता. "आमना गावमा पानी चोरं की चोरनं पावडं पारवरना झाडले टांगतस. चोर कोन ते कळनं नही, तर बठ्ठासनं पावडं टांगतस. अठे बठ्ठासनं पावडं एकच शे."

"अहो, पण अकराला दिल्लीची समिती येणार आहे."

"येऊ द्या ना. ज्यानी चोरं त्यानी बठ्ठास समोर सांगाले जोयजे. सांगं की मी लगेच काढी देस."

एवढ्यात एसटीने प्रमिलाबाई आणि चुडामण आले. दोघांनी काल आपण गावीच होतो, हे शपथेवर सांगितलं. मग तिघं, म्हणजे फेगडेसुद्धा, चोर कोण असेल यावर गंभीरपणे बोलू लागले. पोरांचा खोडसाळपणा असेल, असं फेगड्यांनी सुचवलं. नाना त्यांच्याकडे बघत राहिला. त्याच्या बघण्यात राग नव्हता. तो नुसता वाट बघत होता, आणि फेगड्यांना तेच सहन होईना.

प्राचार्यांनी येऊन हुकूम सोडला. नाना हात जोडून म्हणाला, "साहेब, तुम्ही म्हनतस तर मी नोकरी सोडी देस. पन पाटनी रीत मोडता येवाव नही." ज्या दिवशी दिल्ली दारात येणार त्या दिवशी शिपायाचा राजीनामा घेणं प्राचार्यांना शहाणपणाचं वाटलं नाही. चुडामण सायकल मारत कलेक्टर कचेरीत जाऊन दुसरा कीबोर्ड मागून आला, तर त्याचं टोक इथल्या खाचेत बसेना. शिडी आणावी तर शिडीही नानाच्याच ताब्यात होती, आणि नाना तिच्यावर पाय ठेवून बसला होता.

अकराला पांढरी मोटार फाटकात आली. समितीचे प्रमुख माथुर साहेब उतरले, उंच, चष्मेवाले, आणि बरोबर दोघं जण. हार घालायला प्राचार्य पुढे झाले, पण साहेबांची मान आधीच वर गेली होती.

"यह क्या है?"

मग नाना उठला आणि आपल्या हिंदीत म्हणाला, "साब, पानी की चोरी हुई है. चोर कबूल करेगा तब उतरेगा."

साहेबांनी प्रश्नार्थक चेहऱ्याने प्राचार्यांकडे बघितलं, प्राचार्यांनी फेगड्यांकडे बघितलं. मग प्रमिलाबाईंनी इंग्रजीत सगळं समजावून सांगितलं: बारी, फड, एक पीक, शेपटापासून सुरुवात, मातीवरचा अंगठा. साहेब ऐकत गेले. बरोबरच्या एकाने वहीत टिपून घेतलं. घड्याळात साडेअकरा झाले. तार दोनला बंद होणार होती.

फेगडे एका बाजूला उभे होते. काल दुपारी इतकं पक्कं वाटलेलं तर्कशास्त्र आता कुठे गेलं, ते त्यांना सापडत नव्हतं. गप्प राहिलं तर कीबोर्ड झाडावर राहणार आणि तार जाणार. बोललं तर निदान तार राहण्याची आशा, पण पोरांसमोर, प्राचार्यांसमोर, दिल्लीसमोर चोर ठरणार. त्यांनी चुडामणकडे बघितलं. त्याने आज समितीला दाखवायला धरणगावहून कापसाचे सात नमुने सात पिशव्यांत आणले होते आणि त्या पिशव्या तो छातीशी धरून उभा होता. फेगड्यांना स्वतःची मनापासून लाज वाटली.

"मी चोरलं," ते म्हणाले.

झाडाकडे लागलेल्या सगळ्या माना त्यांच्याकडे वळल्या.

"काल दुपारी मी आलो. कपाटातली किल्ली घेतली. कुलपावरची माती मला कुंभारणीचं घर वाटलं. चुडामणचा कापूस मी पुसला आणि माझी केळी चढवली. सहा वर्षं झाली, मी हे करतोय. माझा भाऊ दर पत्रात विचारतो. तार जाईल म्हणून मला भीती वाटली. बारी माझी नव्हती आणि मी घेतली."

नानाने शिडी लावली, कीबोर्ड उतरवला, उपरण्याने त्याच्यावरची निंबाची पानं झटकली आणि तो चुडामणच्या हातात दिला.

"आते एक हंगाम तुम्ही हात लावाना नही, सर," तो फेगड्यांना म्हणाला. "रीत शे."

खोलीत जाईपर्यंत बारा वाजले. यंत्रात केळी होती. पुन्हा कापूस चढवायचा तर तास जाणार. तेव्हा जे आहे तेच बघू, असं साहेब म्हणाले. चुडामण बसला, पण केळी खाण्यापलीकडे त्याचा केळीशी संबंध नव्हता. फेगडे उंबऱ्याबाहेर उभे राहून आतल्या आत तळमळत होते. शेवटी त्यांनी भीत भीत विचारलं, "नाना, नुसतं सांगू का?"

"तोंडले बंदी नही. हातले शे."

मग फेगडे उंबऱ्याबाहेरून सांगत आणि चुडामण टाइप करी. त्यात त्या दिवशी तारेलाही ऊन लागलं होतं. यंत्र एक प्रश्न विचारी आणि उत्तर पोचायला दहा मिनिटं घेई. पिवळेपणा कुठे आहे, ठिपके आहेत का, झाडाचं वय काय. सातव्या उत्तरानंतर पडद्यावर 'रोगाचं नाव' एवढी अक्षरं उमटली, आणि दोन वाजले. तार बंद झाली. पडदा काळा झाला.

माथुर साहेबांनी चष्मा पुसला. प्राचार्यांच्या खोलीतून त्यांनी पुण्याला एक ट्रंक कॉल लावला, दोन मिनिटं इंग्रजीत बोलले, जेवले आणि निघून गेले. चेहऱ्यावरून काही म्हणजे काही कळलं नाही.

"गेली तार," फेगडे घरी येऊन म्हणाले.

"जाऊ द्या," सुनंदाबाई म्हणाल्या. "खोटं बोलून राहण्यापेक्षा बरं." आणि त्यांना पुढचा घास भरवावा लागेल की काय, अशा नजरेने त्या नवऱ्याकडे बघत राहिल्या.

जूनच्या शेवटी दिल्लीचं पत्र आलं. प्राचार्यांनी सगळ्यांना बोलावून मोठ्याने वाचलं. धुळ्याचं केंद्र कायम केलं होतं. एवढंच नव्हे; गेलं वर्षभर साऱ्या देशात हीच रड होती, मोठी कॉलेजं वेळ ओरपत होती आणि छोटी उपाशी राहत होती. तेव्हा अकराही केंद्रांना आता 'धुळे पद्धत' लागू. एका हंगामात साऱ्या देशाने मिळून एकच काम करायचं, आणि सुरुवात शेपटाच्या केंद्रापासून, म्हणजे गुवाहाटीपासून. मात्र त्याआधी नमुना म्हणून, समितीच्या भेटीच्या दिवशी धुळ्याच्या वाट्याच्या जागेत जे काम होतं तेच पुण्याच्या यंत्रावर सगळ्या केंद्रांना मिळून शिकवायला खुलं केलं होतं. जुलै ते ऑक्टोबर, पहिला हंगाम त्याचाच. पुढच्या हंगामाला कापूस, आणि मग गुवाहाटीची बारी.

फेगड्यांच्या लक्षात आलं: त्या दिवशी त्या जागेत केळी होती. साहेबांनी ट्रंक कॉलवर तीच उचलायला सांगितली होती. साऱ्या देशात आता केळी पेरली जाणार होती. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्यांनी ते लपवलं नाही. चुडामणने त्यांचा हात धरून हलवला.

"पुढे आहे अजून," प्राचार्य म्हणाले. "कलम सात. बारी मोडून वेळ घेणाऱ्याने एक पूर्ण हंगाम यंत्राला हात लावू नये. हा नियम धुळे येथे आधीच झालेल्या प्रकरणापासून अमलात येईल."

फेगडे धावत खोलीशी गेले. "नाना, ऐकलंत का? साऱ्या देशात केळी."

"ऐकं ना. बरं व्हयनं."

"मग आता मला..."

"तुमनी बंदी दिवाळीलगून, सर. आते तर दिल्लीनं बी लिखेल शे."

अशा रीतीने गुवाहाटीपासून त्रिवेंद्रमपर्यंत दहा केंद्रांतली माणसं आणि धुळ्यात प्रमिलाबाई व चुडामण केळीच्या डॉक्टरला शिकवू लागली, आणि ज्याची केळी तो निंबाखाली स्टुलावर बसून पत्रांची उत्तरं देऊ लागला. पत्रांचा पाऊस पडला. करपा म्हणजे काय? आमच्याकडे केळीच्या बुंध्याशी फुटलेली पिलं ठेवतात, तुमच्याकडे काढतात का? आमची केळी वीतभरच असते, चालेल का? आठवड्याला चाळीस पोस्टकार्डं फेगडे लिहीत. त्यातली निम्मी ते रागाने लिहीत, कारण विचारणाऱ्याला साधी पिलबाग, म्हणजे पिलांवर धरलेलं दुसरं पीक, कळत नसे. उरलेली निम्मी जपून लिहीत, कारण विचारणाऱ्याने असं काही विचारलेलं असे जे त्यांना सहा वर्षांत सुचलं नव्हतं. आसामातल्या कोणा बारुआंची कार्डं तर ते दोनदा वाचत.

सप्टेंबरात जीवराम अचानक धुळ्याला आला. पत्र नाही, निरोप नाही. हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेलं केळीचं पान होतं. त्याने ते निंबाखाली उलगडलं. पानभर तपकिरी ठिपके.

"अर्ध्या बागेत असं झालंय रे, गिरधर. आठ दिवसांत."

फेगड्यांनी पान उन्हात धरलं. "करपा आहे, भाऊ. पानं कापून जाळावी लागतील. सगळी."

"सगळी?" जीवराम मटकन खाली बसला. घड निसवायच्या, म्हणजे बाहेर पडायच्या, दिवसांत पानं कापली तर घडाचं काय होतं ते दोघांनाही माहीत होतं.

"बाबा, यंत्रले तर इचारा," हिलाल नाना म्हणाला. "वेळ शे अजून. दीडच वाजना."

जीवराम आत जाऊन चुडामणच्या शेजारी बसला. फेगडे उंबऱ्याबाहेर. यंत्राने पिवळेपणा विचारला, ठिपके विचारले, झाडाचं वय विचारलं. हे सगळे प्रश्न फेगड्यांचे होते आणि ते मनातल्या मनात पुढचा प्रश्न म्हणत होते. सातव्या प्रश्नाला यंत्राने त्यांच्या मनातलं न विचारता भलतंच विचारलं: 'गेल्या दहा दिवसांत शेजारच्या शेतात किंवा बांधावर तणनाशक फवारलं का?'

जीवरामने वळून भावाकडे बघितलं. "फवारलं ना. पितांबरने. बांधावरचं गवत जाळायला. वारा होता त्या दिवशी."

पडद्यावर दोन मिनिटं काही आलं नाही. मग अक्षरं उमटली. चुडामणने वाचून दाखवलं: हा करपा नाही. तणनाशकाचे तुषार वाऱ्याने पानावर पडले आहेत. पानं कापू नका. नवी पानं निरोगी येतील.

फेगडे उंबऱ्यावर हात टेकून उभे होते. तो प्रश्न बारुआंचा होता, त्यांनीच गुवाहाटीहून यंत्राला शिकवलेला. त्यांच्याकडे चहाचे मळे, मळ्यांना लागून केळी, आणि मळ्यांत तणनाशक मारतात. हे त्यांनी ऑगस्टात एका कार्डावर लिहिलं होतं. फेगड्यांनी ते दोनदा वाचून बाजूला ठेवलं होतं, सावद्याकडे असं होत नाही म्हणून. तेवढ्या एका प्रश्नावाचून ते आज भावाची अर्धी बाग कापायला निघाले होते. त्यांना वाईट वाटायला हवं होतं. पण भाऊ आत खुर्चीत बसून हसत होता, आणि त्यांना इतकं बरं वाटत होतं की दुसरं काही वाटायला जागाच उरली नव्हती.

जीवराम बाहेर आला. त्याने पान पुन्हा वर्तमानपत्रात नीट गुंडाळलं, जणू ते आता आजारी नव्हतं.

"बोलायला लागलं की रे तुझं यंत्र," तो म्हणाला. "आणि तुझ्यापेक्षा हुशार निघालं. हे सगळं तू शिकवलंस त्याला?"

फेगड्यांनी तोंड उघडलं. समोर स्टुलावर हिलाल नाना रजिस्टर मांडीवर घेऊन बसला होता आणि त्यांच्याकडे शांतपणे बघत होता.

"नाही भाऊ," फेगडे म्हणाले. "माझी बारी नव्हती."